पहिला शुक्रवार

टिटवाळ्याचे नाव काढताच लोकांना महागणपतीचे मंदिर आठवते. अंगारकीला कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून तेथे भाविकांची रीघ लागते. त्याच स्थानकावर उतरून आम्ही काही वर्षे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एका आजारी गृहस्थांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जात असू.

गृहस्थ मोठे तोंडाळ. शेजाऱ्यांशी अबोला, सुनेने केलेल्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवणे, आणि आमच्यावर तर विशेष लोभ! “फादर, तुम्ही घड्याळाकडे पाहत प्रार्थना करता,” असे ते तोंडावर सुनावत. वाचकहो, ते खरे होते. म्हणूनच आम्हांला झोंबे. हळूहळू आम्ही निमित्ते शोधू लागलो. कधी पाऊस, कधी सभा. असे सलग तीन महिने गेले.

त्याच सुमारास, प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी, आम्ही प्रवचनात सिस्टर राणी मारिया यांची हकिकत सांगितली. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात गोरगरिबांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी त्या झटत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी समुंदर सिंह नावाच्या तरुणाने चालत्या प्रवासात त्यांची हत्या केली. त्यांच्या सख्ख्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, 2002 साली तुरुंगात गेल्या आणि त्या मारेकऱ्याच्या हाताला त्यांनी राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानेच शब्द टाकला आणि 2006 साली तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले. हे सांगताना आमचा कंठ दाटून आला होता.

मिस्सा संपल्यावर त्या गृहस्थांची सून भेटली. “प्रवचन चांगलं झालं, फादर,” ती म्हणाली. मग थोडे थांबून, “बाबा अजून दर पहिल्या शुक्रवारी सकाळी दाढी करून बसतात.”

एवढेच बोलून ती गेली. तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, ही संत थॉमस अक्वायनस यांची व्याख्या आम्ही सेमिनरीत पाठ केली होती. परीक्षेत तिच्यावर गुणही मिळविले होते. माणूस आवडलाच पाहिजे, असे प्रभूने कोठेही सांगितले नाही. आवड आपल्या हाती नसते. पाय उचलणे मात्र असते. दूरच्या तुरुंगातील राखीने डोळे ओलावणारे आम्ही, जवळच्या एका दाराची पायरी चढू शकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. क्षमा मागितली. गृहस्थ बदलले नव्हते. “आज शुक्रवार नाही,” ते म्हणाले. मात्र ख्रिस्तप्रसाद घेताना त्यांचे हात थरथरत होते. आम्ही घड्याळ काढून खिशात ठेवले होते, हे त्यांनी पाहिले असावे. त्याविषयी ते काही बोलले नाहीत.

सून चहा घेऊन आली. त्यांनी घोट घेतला आणि साखर जास्त झाल्याचे सांगितले. ती निमूटपणे दुसरा कप करण्यास आत गेली. आमच्या प्रवचनाचा खरा अर्थ त्या घरात रोज, तीन वेळा, असा गॅसवर ठेवला जात होता.