गळतंय, पण कमी होत नाही

थोडं लांब लिहितोय. पाणी, गाळ आणि आपला पैसा या तिन्हींशी संबंध आहे म्हणून सवड काढून वाचा.

आधीच सांगतो, ही पोस्ट टीव्हीवरच्या बुलडोझरची नाही. बातम्यांत घरं पाडताना जे पिवळं मशीन दाखवतात तो बहुतेक वेळा बॅकहो लोडर असतो, आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो तो. मी लिहितोय तो खरा डोझर. चेनवर चालणारा, पुढे आडवं पोलादी ब्लेड. भारत अर्थ मूव्हर्स या 1964 साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात बनलेला. आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन. वय तीस वर्षांच्या पुढे.

आमचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला. माझी आई त्या कामावर पाट्या टाकायला होती. आता तो गाळाने निम्मा भरलाय. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, तिच्यातून यंदा पोकलेन मिळालं. पण पोकलेन उकरतं आणि ढीग घालतं. ट्रॅक्टर आत उतरायला रस्ता करायचा, बांधाचा खचलेला माथा सारखा करायचा, शेतात पडलेला गाळ ओढून पसरायचा, तर डोझर पाहिजे. आणि डोझर एका सरकारी आवारात चौदा महिने उभा. शेरा असा: "इंजिनमधून जास्त प्रमाणात ऑइल गळती. धूर. इंजिन उतरवून संपूर्ण दुरुस्ती आवश्यक." खर्चाचा अंदाज साडेसात लाख. एवढे पैसे मंजूर होत नाहीत हे सगळ्यांनाच माहीत असतं. मग पुढचा कागद निर्लेखनाचा, म्हणजे भंगार.

सरपंचबाई म्हणाल्या, "तात्या, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. एकदा बघून तरी या." मी निवृत्त मिस्त्री. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. पावसाला फार तर पाच आठवडे.

गेलो. मशीन बघून कोणीही म्हणालं असतं की हे संपलं. इंजिनच्या दोन्ही अंगांवर तेलाचा थर, त्यावर धुळीचं लिंपण, खाली जमीन काळी. अशा वेळी पहिली चूक होते ती इथंच. जिथं तेल दिसतं तिथून ते गळतंय असं माणूस धरून चालतो. तेल गळतं वर, ओघळतं खाली, आणि पंख्याचा वारा त्याला मागं ढकलतो. रॉकर कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं आणि माणूस मागचं ऑइल सील बदलायला अख्खं इंजिन उतरवतो. म्हणून आधी धुवायचं. डिझेल, ब्रश, वेस्ट, आणि अर्धा दिवस. कोरडं झालं की कोरडा चुना किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरायची आणि मग चालवून बघायचं. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथून निघेल ते खरं ठिकाण.

धुवायला सुरुवात करण्याआधी मी सवयीप्रमाणे डिपस्टिक ओढली. आणि थांबलो.

तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. चांगलं दोन बोटं वर.

आता सांगा, ज्या इंजिनातून एवढं तेल गळतंय त्यात तेल कमी असायला पाहिजे की जास्त? मी पट्टीवरचं तेल बोटांत चोळलं. चिकटपणा नाही. वास घेतला. डिझेल. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती फिकट ओलं कडं पसरत गेलं. ते कडं म्हणजे डिझेल.

इथं सगळं उलटं फिरलं. गळती हा आजारच नव्हता. डिझेल आत झिरपत होतं, त्याने तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं, आणि जुनी पॅकिंगं, सीलं जे घट्ट तेल अडवत होती ती हे पातळ तेल अडवू शकत नव्हती. त्यात पातळी वाढलेली. मग ते मिळेल त्या फटीतून बाहेर. साडेसात लाखांची पॅकिंगं आणि सीलं टाकली असती तरी डिझेल झिरपतच राहिलं असतं आणि दोन महिन्यांत परत तेच. त्याहून वाईट म्हणजे पातळ तेलावर बेअरिंग जातात. ऑइल प्रेशरचं मीटर बंद होतं, वायर सोडून ठेवलेली. कोणी रेटून चालवलं असतं तर क्रँक जागीच बसला असता.

कोणी रेटलं नाही, कारण ऑपरेटर. पोरगा कंत्राटी, तिशीच्या आतला. मी थेंबाचा कागद दाखवला तर म्हणाला, "तात्या, मी लिहिलं होतं." लॉगबुक काढलं. तीन वेगवेगळ्या तारखांना त्याच्या अक्षरात: "ऑइल लेव्हल वाढते." तिसऱ्यांदा त्याने खाली रेघ ओढली होती. चौथ्या दिवशी त्याने मशीन बंद केलं. अंदाजपत्रक करणाऱ्याने त्याच पानावरचा "गळती" हा शब्द उचलला आणि "वाढते" हा सोडला.

त्याच कपाटात ऑइलचं रजिस्टर होतं. त्या महिन्यांत या मशीनच्या नावावर दर आठवड्याला वीस लिटर तेल निघालेलं. पातळी वाढत असताना वरून तेल कशाला, असं मी साहेबांना विचारलं. चहा आला. गळती दिसली की डोळे झाकून तेल ओतायची सवय असते हेही खरं, त्यामुळे मी अजून कोणावर बोट ठेवत नाही. माहिती मागवली आहे.

आता डिझेल येतं कुठून? नेहमीच्या इंजिनात पंपापासून प्रत्येक नोझलला बारीक पाइप जातो. कुठला सिलिंडर मिस मारतो हे बघायला एकेका पाइपचा नट ढिला करायचा, आवाज पडतो का ऐकायचं, हे ट्रॅक्टरवाल्यालाही येतं. या इंजिनात ते पाइपच नसतात. कमी दाबाचं डिझेल हेडमध्ये पाडलेल्या वाटांमधून फिरतं, आणि दाब तयार करायचं काम इंजेक्टर स्वतः करतो, कॅमवर चालणाऱ्या रॉकरच्या ठोक्याने. जास्तीचं डिझेल हेडमधूनच परत जातं. म्हणजे इंजेक्टर हेडमध्ये बसतो तिथं त्याच्या भोवती सतत डिझेल. त्याला अडवायला प्रत्येक इंजेक्टरवर तीन रबरी ओ-रिंगा. सगळ्यात वरची रिंग गेली की डिझेल रॉकर कव्हरच्या आत येतं आणि तिथून सरळ खाली चेंबरमध्ये. बाहेर एक थेंब दिसत नाही.

पातळ तेल काढून टाकलं, चेंबर भरून नवं टाकलं, दोन बॅटऱ्या मागून आणल्या आणि मगच स्टार्टर मारला. पांढरा धूर, अडखळत चाल. भरायच्या तोंडाचं झाकण काढून उलटं ठेवलं. रिंग-पिस्टन संपलेले असतील तर आतल्या हवेने ते झाकण नाचतं, कधी उडून पडतं. हे थोडं थरथरलं, पण जागेवर राहिलं. ब्रीदर मात्र गच्च चोंदलेला निघाला. तो धुतल्यावर थरथर गेली. म्हणजे इंजिन उतरवायचं कारणच नव्हतं.

मग रॉकर कव्हर काढून मंद चालीवर एकेका इंजेक्टरचा प्लंजर लोखंडी पट्टीने दाबून धरला. दाबला की त्या सिलिंडरचं डिझेल बंद. आवाज पडला तर तो काम करत होता, तसाच राहिला तर तो आधीपासूनच मेलेला. दोन नंबर आणि पाच नंबरला आवाज तसाच राहिला. सहाही इंजेक्टर बाहेर काढले. अठरा रिंगांपैकी हाताने वाकवता येईल अशी एकही नव्हती. बांगडीसारख्या कडक, दोन तर तुटून पडल्या. तीस वर्षं उष्णतेत राहिलेलं रबर, दुसरं काय होणार. पाच नंबरच्या टोकाची भोकं कार्बनने बुजलेली.

इंजेक्टर शहरात पंपवाल्याकडे नेले. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली तेव्हापासून या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री आपल्याकडे आहेत, त्यामुळे टेस्टिंग बेंच शोधावा लागला नाही. रिंगा, दोन इंजेक्टरची टोकं, टेस्टिंग, तेल, फिल्टर, रॉकर कव्हरची पॅकिंगं, सगळं धरून 27 हजार. ग्रामपंचायतीने वर्गणी काढली, कारण त्या आवारात 27 हजार खर्चायला कोणाला अधिकार नाही. साडेसात लाखांचा प्रस्ताव पाठवायला आहे.

एक कबुली द्यायची आहे. 1994 साली अशाच एका डोझरवर "इंजिन उतरवणे" असा शेरा मी स्वतः लिहिला होता. धूर बघितला, खालचं तेल बघितलं आणि लिहिलं. इंजिन उतरलं, हेड एकीकडे, पंप दुसरीकडे, सुटे भाग कधी आलेच नाहीत. त्या मशीनच्या चेनमधून बाभूळ वर आली होती. मग लिलाव झाला. डिपस्टिक मी ओढली होती का, हे मला आजही आठवत नाही. बहुतेक नाही. म्हणून हा शेरा लिहिणाऱ्या माणसाला मी शिव्या घालू शकत नाही.

इंजेक्टर बसवले, टॅपेट आणि इंजेक्टरचं सेटिंग केलं, प्रेशरचं मीटर जोडलं, चुना मारून दिवसभर चालवलं. सहाही सिलिंडर लागले, धूर गेला. तीन दिवस पातळीवर नजर ठेवली, वाढ नाही. ऑपरेटर रोज सकाळी कागदावर थेंब टाकून तो कागद लॉगबुकात चिकटवतो. मी सांगितलं नव्हतं.

गेले नऊ दिवस डोझर तलावात आहे. रस्ता झाला, बांधाच्या माथ्याचं निम्मं काम झालं. चुन्यावर शेवटी एक रेघ उमटलीच, मागच्या सीलपाशी. ती खरी गळती आहे. पावसाआधी तिला हात लावणार नाही. रात्री मशीन उभं राहिलं की खाली डबा ठेवतो, सकाळी मोजतो. काल पाऊण लिटर होतं, आज सकाळीही तेवढंच.