‘समाप्त’ची पाटी आता आपणच लावायची



एरवी मी तुमच्याशी बीपी, शुगर, थायरॉईड, गुडघेदुखी यांबद्दल बोलतो. आज थोडं स्वतःबद्दल बोलणार आहे, कारण या वेळचा पेशंट मीच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ बीपी दाखवायला आले. वय ४६. मोटार रिवाइंडिंगचं दुकान. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ही त्यांची तिसरी खेप होती. पहिल्यांदा बीपी १६०/१०० होतं म्हणून एक गोळी सुरू केली. दुसऱ्या खेपेला डोस वाढवला. या वेळीही वरचं १५४ आणि खालचं ९६. मीठ कमी केलं होतं, तंबाखू सुटली होती, गोळी रोज घेत होते. मी दुसरी गोळी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हे रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मोबाइल पाहत बसतात. त्याचं काही औषध आहे का?”

मी चष्मा सावरला आणि सुरू झालो. “भाऊ, असं करू नका. झोप फार महत्त्वाची. दहा वाजता मोबाइल बंद म्हणजे बंद.”

ते शांतपणे हसले आणि म्हणाले, “साहेब, मागच्या मंगळवारी रात्री पाऊण वाजता मी तुम्हाला रिपोर्ट पाठवला होता व्हॉट्सअपवर. म्हटलं सकाळी पाहतील. तर लगेच निळ्या टिका आल्या. तुम्ही पण जागेच होते ना भो!”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री कोणी सिरियस नव्हतं, कुठून फोनही आला नव्हता. मी अंथरुणात पडून जुन्या सिनेमांतल्या विनोदी प्रसंगांच्या रील्स पाहत होतो.

आधी स्वतःची तपासणी

त्या रात्री मी दोन गोष्टी केल्या. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रोजचा स्क्रीन टाइम पाहिला. सरासरी ४ तास १० मिनिटं, आणि त्यातला बराचसा रात्री दहानंतरचा. मग स्वतःचं बीपी मोजलं. १४६/९४. पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, आकडा थोडा इकडेतिकडे झाला इतकंच.

खरं सांगतो, मला लाज वाटली ती आकड्याची नाही. पेशंटला मी जेवण विचारतो, मीठ, तंबाखू, दारू, घरातलं टेन्शन सगळं विचारतो. “रात्री किती वाजता झोपता?” हा प्रश्न मात्र मी गेली काही वर्षं विचारतच नव्हतो. का? कारण त्याचं उत्तर मला स्वतःलाच द्यायचं नव्हतं. आणि माझ्या त्या न विचारलेल्या प्रश्नापायी एका माणसाच्या चिठ्ठीवर आणखी एक गोळी चढणार होती.

रात्री शरीरात काय चालतं?

आपण झोपतो तेव्हा शरीर बंद पडत नाही, पण हृदयाला जरा उसंत मिळते. निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतं. दिवसभर धावलेल्या रक्तवाहिन्यांची ती विश्रांती असते. झोपच कमी झाली तर ही विश्रांती अपुरी राहते. असं वर्षानुवर्षं चाललं की दिवसाचं बीपीही वर राहू लागतं. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, ती यासाठी.

शुगरचंही तसंच आहे. झोप कमी पडली की शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, आणि भूक वाढवणाऱ्या हार्मोनचा जोर वाढतो. रात्री जागताना शेव-चिवड्याच्या डब्याकडे हात जातो, तो उगाच नाही.

आता मोबाइलचं पाहू. मेंदूत एक घड्याळ असतं. ते पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, हॉल, रोसबॅश आणि यंग यांना, २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावरून वेळ जुळवतं. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होऊ लागतं आणि शरीराला झोपेची वर्दी मिळते. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर उजळ पडदा धरला की घड्याळाला वाटतं, अजून दिवस मावळायचाय.

“मग स्क्रीन पिवळी करून पाहतो,” असं बरेच जण म्हणतात. त्याने थोडाफार फरक पडेल, पण दोष एकट्या उजेडाचा नाही. रात्री बारा वाजता भांडणाची बातमी, राजकारणाची जुंपलेली चर्चा किंवा हसवणारी रील पाहिली की मन जागं होतं. जागं झालेलं मन पिवळ्या उजेडातही जागंच राहतं.

पूर्वी सगळ्याला शेवट होता

मला प्रश्न पडला की लहानपणीही करमणूक होतीच, मग आपण रात्री झोपत कसे होतो?

१९८७ साली दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रविवारी सकाळी गल्लीतल्या एकाच टीव्हीपुढे सगळी गल्ली दाटीवाटीने बसायची. भाग संपला की संपला. पुढे काय झालं ते कळायला आठवडा थांबायचं. रात्री दूरदर्शनही बंद व्हायचं. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची सभा संपली की रेडिओत नुसती खरखर उरायची. जत्रेत तंबूतला सिनेमा संपला की पडद्यावर ‘समाप्त’ यायचं आणि माणसं पायात चपला अडकवून घरी निघायची.

आपली पी.जे. आठवते ना? पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटरची छोटी गाडी. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत रमतगमत जायची. गाडीत बसून कंटाळा आला तरी एक भरवसा असायचा, की जामनेर आलं म्हणजे उतरायचंच. पुढे रूळच नव्हते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती छोटी गाडी थांबली ती थांबलीच.

मोबाइलच्या गाडीला जामनेर नाही. पूर्वी इंटरनेटवर पान संपलं की ‘पुढचं पान’ अशी कळ दाबावी लागायची. ती कळ काढून पान आपोआप लांबत जाण्याची सोय २००६ साली अझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने केली. पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तर पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच राहिलं.

यात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक रील चांगली निघाली असती तर आपण लवकर कंटाळलो असतो. चार टुकार आणि पाचवी झकास निघते, म्हणून बोट थांबत नाही. गिरणेकाठी गळ टाकून बसलेला माणूस पाहा. मासा कधी लागेल हे ठाऊक नसतं, म्हणूनच तो उठत नाही. तेव्हा रात्री मोबाइल सुटत नाही म्हणून स्वतःला नालायक समजू नका. ती वस्तू सुटू नये अशीच बनवलेली आहे.

एका गावाचा भोंगा

मग करायचं काय? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हातात मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही ते हातातच राहिले. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावाने एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा सुरुवातीला काहींना हसू आलं. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावलं.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या गावाने कोणाला “मन घट्ट करा” असा उपदेश केला नाही. हरवलेला शेवट परत आणला आणि तो सगळ्यांसाठी एकाच वेळी आणला. शेजारचा पाहत नसला की आपल्यालाही थांबणं सोपं जातं.

माझा भोंगा

मी आधी मन घट्ट करूनच पाहिलं. ते तीन दिवस टिकलं. चौथ्या रात्री “फक्त पाच मिनिटं” म्हणून फोन उचलला आणि साडेबारा वाजले.

मग फोनच झोपायच्या खोलीतून बाहेर काढला. चार्जर ओट्याशेजारी स्वयंपाकघरात नेला. डॉक्टर असल्यामुळे फोन बंद ठेवता येत नाही, म्हणून इंटरनेट बंद आणि रिंग मोठी ठेवली. ज्याला खरंच गरज आहे तो फोन करतो. रील काही फोन करत नाही! उठण्यासाठी बाजारातून गजराचं साधं घड्याळ आणलं. घरात ठरवलं की रात्री दहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात.

पहिला आठवडा वाईट गेला. हात उशीखाली फोन शोधायचा. दहा ते अकरा हा वेळ खायला उठायचा. मग जेवणानंतर आम्ही दोघं शतपावलीला निघू लागलो. एके रात्री परतताना स्टेशनवरून गाडीची शिट्टी ऐकू आली. लहानपणापासून मी रात्रभर जाणाऱ्या या गाड्यांच्या आवाजात गाढ झोपत आलो. मोठ्या गाडीने कधी जाग आली नाही, आणि फोनच्या इवल्याशा ‘टिंग’ने मात्र रोज येत होती.

दोन महिन्यांनी माझं बीपी १३२/८४ वर आलं. हा चमत्कार नाही. त्यात चालण्याचा वाटा आहे आणि रात्रीचा चिवडा बंद झाल्याचाही. त्या भाऊंना मी त्या दिवशी दुसरी गोळी लिहिली नाही. घरी बीपी मोजून महिनाभराने यायला सांगितलं. आले तेव्हा १३८/८८ होतं. पहिली गोळी त्यांना अजूनही लागते आणि ती ते घेतात. कृपया हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.

तुमच्यासाठी थोडक्यात

१. फोन उशाशी चार्ज करू नका. दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजरासाठी वेगळं घड्याळ वापरा.

२. झोपायच्या एक तास आधी इंटरनेट बंद, कॉल चालू.

३. वेळ एकट्याने नव्हे, घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. मोठ्यांनी पाळली तरच मुलं पाळतात.

४. मोबाइल दाखवून मुलांना भरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको.

५. एखाद्या दिवशी नियम मोडला तर मोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

आणि झोप न येण्याला दर वेळी मोबाइलच कारणीभूत असतो असं नाही. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, लघवीला वारंवार उठावं लागणं, पहाटे लवकर जाग येऊन मन उदास राहणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना भेटा. शेतीला रात्रीची लाईट आली म्हणून केळीला पाणी द्यायला उठणारे कितीतरी शेतकरी माझ्याकडे येतात. त्यांना “लवकर झोपा” म्हणताना माझीच जीभ अडखळते. त्यांची झोप सवयीने गेलेली नाही. त्यांनी निदान दुपारी थोडी झोप घ्यावी आणि आपलं बीपी न चुकता तपासून घ्यावं.

परवा ते भाऊ पुन्हा आले होते. जाता जाता म्हणाले, “साहेब, काल रात्री साडेअकराला शेजाऱ्यांसाठी तुम्हाला मेसेज टाकला. सकाळपर्यंत एकच टिक होती.”

मी विचारलं, “पण तुम्ही साडेअकराला जागे कसे?”

ते हसले. मीही हसलो. अजून दोघांचंही पूर्ण जमलेलं नाही, पण आता हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारतो.

तुम्हालाही विचारतो. काल रात्री किती वाजता झोपलात?