ठिय्यावरचे शुभवर्तमान

अकोल्यात वैशाखात सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्याच असतात. अशाच एका संध्याकाळी एका अंगणात सतरंजीवर बारा माणसे बसली होती. कूलरच्या घरघरीत वाचलेले ऐकू येईना, म्हणून तो बंद केला होता. मध्यभागी एक मेणबत्ती, तिच्याजवळ उघडे बायबल, आणि या साऱ्यांसमोर खुर्चीवर आम्ही. आमच्या धर्मग्रामातील पहिल्या बायबल-समूहाची ती पहिली बैठक. त्या खुर्चीतच आमची पहिली चूक होती, हे उमगायला मात्र आम्हांस सहा महिने लागले.

वऱ्हाडातील कॅथलिक समाज म्हणजे मूठभर माणसे. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरहून वेगळा झाला. मेळघाटातील कोरकू श्रद्धावंत, खेड्यापाड्यांतून शहरात आलेली मराठी कुटुंबे, रेल्वेच्या नोकरीमुळे बडनेरा-मूर्तिजापूरकडे स्थिरावलेले लोक, इस्पितळांतून व शाळांतून सेवा करण्यास दुरून आलेली माणसे, असा हा मेळा. रविवारच्या मिस्साला सारे एकत्र येतात, प्रभूचे शरीर स्वीकारतात आणि फाटकाबाहेर पडताच आपापल्या दिशांना पांगतात. एका बाकावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या दोघांना परस्परांच्या घरचे दुःख ठाऊक नसावे, याचा आम्हांला फार विषाद वाटे. एकदा एका कुटुंबातील मृत्यूची वार्ता त्यांच्याच गल्लीतील कॅथलिक घराला आमच्याकडून, तीही तिसऱ्या दिवशी कळली. त्या दिवशी आम्ही ठरविले, की लहान समूहांचे काम आता टाळायचे नाही.

कल्पना नवी नव्हती. आशियातील बिशपांच्या महासंघाची सभा १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे भरली, तेव्हा ‘समूहांचा मिळून झालेला समूह’ असे ख्रिस्तसभेचे चित्र तिने पुढे ठेवले. त्याआधीच दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने शुभवर्तमान घरोघरी मिळून वाचण्याची सात पायऱ्यांची रीत तयार केली होती, आणि मुंबई महाधर्मप्रांतात शेजारसमूह आकाराला येत होते. आमच्याकडे ही गोष्ट परिपत्रकांच्या रूपाने आली आणि परिपत्रकांच्या फाइलीत बरीच वर्षे सुखाने नांदली.

खरे सांगायचे तर अडचण फाइलीपेक्षा जुनी होती. आम्ही लहान होतो त्या काळी आमच्या घरांतून प्रभूच्या पवित्र हृदयाची तसबीर असे, तिच्यासमोर दिवा असे, जपमाळ तर रोज होई. पण बायबल क्वचितच असे. बायबल हे ‘त्यांचे’ पुस्तक. ‘ते’ म्हणजे प्रॉटेस्टंट शेजारी. अकोल्यात अलायन्सवाले, वाशिमकडे नाझरीनवाले, यवतमाळला तर १९५३पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरीच होती. त्यांच्या घरांतील म्हाताऱ्या बायका रेघा मारून मारून जीर्ण झालेले बायबल मांडीवर घेऊन बसत आणि आमच्या आज्या त्यांच्याकडे काहीशा संशयाने पाहत. आज वाटते, संशयात थोडा हेवाही मिसळला असावा.

वास्तविक मराठीत ख्रिस्तकथा प्रथम घुमली ती आपल्याच एका धर्मगुरूच्या मुखाने. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. नवदीक्षितांना आपल्या जुन्या पुराणांची उणीव भासत होती. ती जाणून त्या जेज्वीट फादरांनी दहा हजारांवर ओव्या रचल्या, आणि लोक एकत्र बसून त्या ऐकत. म्हणजे समूहाने देवशब्द ऐकण्याची रीत परक्या देशातून आणावी लागावी, इतके आपण दरिद्री नव्हतो. मध्ये कोठेतरी धागा तुटला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘देवाचा शब्द’ हा संविधान-दस्तऐवज प्रसृत केला. पवित्र शास्त्राची ओळख नसणे म्हणजे ख्रिस्ताचीच ओळख नसणे, या संत जेरोमच्या विचाराची आठवण करून देऊन त्यात प्रत्येक श्रद्धावंताच्या हाती शास्त्र देण्याचा आग्रह धरला आहे. तो धागा पुन्हा जोडण्याचाच हा प्रयत्न होता. तरी दस्तऐवज रोमहून अंगणापर्यंत यायला अर्धे शतक लागते, हा आमचा अनुभव आहे.

तर ती खुर्ची. आम्ही नागपूरच्या सेमिनरीत शिकलो. मूळ ग्रीक शब्द, ग्रंथरचनेचा काळ, मत्तयाचा वाचकवर्ग, हे सारे आम्हांला सांगता येई आणि सांगण्याची हौसही होती. पहिल्या बैठकीत आम्ही पेरणाऱ्याच्या दाखल्यावर पन्नास मिनिटे बोललो. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यभर वावरात पेरणी केलेली. पण जमिनीविषयी त्यांना एक शब्दही विचारावा, असे आमच्या मनात आले नाही. शेवटी “कुणाला काही शंका?” असे विचारले. शंका कुणालाच नव्हती. चहा झाला, सर्वांनी “फादर, छान सांगितलं” म्हटले आणि पुढल्या शुक्रवारी नऊ जण आले. दिवाळीपर्यंत चार उरले. त्यांत एक घरमालक, म्हणजे त्याला जाण्यास जागा नव्हती!

आमच्या येथील शाळेत शिकविणाऱ्या एका वयस्क धर्मभगिनीने एके दिवशी शांतपणे विचारले, “फादर, तुम्ही त्यांना देवशब्द देता की देवशब्दावरचं उत्तर देता?” आम्हांला राग आला. दोन दिवसांनी तो ओसरला, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही लुम्कोची ती पुस्तिका फाइलीतून बाहेर काढली.

रीत अगदी साधी आहे. प्रथम कुणीतरी आपल्या शब्दांत प्रभूला बोलवावे. मग उतारा सावकाश वाचावा. मनाला भिडलेला एखादा शब्द वा वाक्यखंड ज्याने त्याने मोठ्याने उच्चारावा, स्पष्टीकरण न देता. मग काही मिनिटे मौन. त्यानंतर प्रत्येकाने त्या वचनाने आपल्याला काय म्हटले तेवढेच सांगावे. दुसऱ्याचे खोडू नये, उपदेश करू नये. मग समूहाने एखादे काम ठरवावे आणि प्रार्थनेने उठावे. यात धर्मगुरूला खास असे कामच नाही. आम्ही सतरंजीवर बसलो. गुडघे कुरकुरले, पण त्याहून अवघड होते ते मौन. पहिल्या मौनात शेजारच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या आणि प्रत्येक शिट्टीला ‘आता काहीतरी बोलावे’ असा आवेग आम्ही आवरला. गंमत म्हणजे अन्यधर्मीय शेजाऱ्यांना या बैठकीचे कधीच नवल वाटले नाही. ज्या मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते, तेथे संध्याकाळी माणसांनी मांडी घालून देवासमोर गप्प बसावे यात नवल ते काय?

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

श्रावण होता. त्या शुक्रवारी मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला वाचावयाचा होता. धनी पहाटे मजूर ठरवितो, मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता जातो, आणि दिवस संपायला तासभर उरला असता पुन्हा चौकात जाऊन आणखी काही जणांना आणतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार मिळतो. या दाखल्यावर आम्ही वीस वर्षे प्रवचने दिली होती. आधी आलेले ते यहुदी, मागून आलेले ते परराष्ट्रीय. देवाची कृपा हिशेबाच्या पलीकडची. हे चुकीचे नाही. शास्त्रपंडित असे सांगतात.

मौन संपले. धुणीभांडी करून संसार ओढणारी एक विधवा भगिनी कोपऱ्यात बसली होती. तिला सारे मावशी म्हणत. अक्षरओळख जेमतेम, त्यामुळे ती कधी वाचीत नसे आणि बोलतही नसे. त्या दिवशी ती म्हणाली, “फादर, एक सांगू काय? ठिय्यावर संध्याकाळपावतो जो उभा राह्यते, तो कामचोर नसते. कामचोर तर दहा वाजताच घरी निघून जाते. उभा तोच राह्यते, ज्याच्या घरी काहीच नसते.”

कुणी काही बोलले नाही. तिनेच पुढे म्हटले, “धडधाकट पोरं आधी उचलतेत. मागं राह्यते म्हातारा, नाही तं दुखणाईत, नाही तं बाई. त्याच्या लेकराचं पोट का अर्धं असते? त्या मालकाले हे समजलं, म्हणून त्यानं पुरा रोज देला.”

धनी पाच वाजता पुन्हा चौकात का गेला, हा प्रश्न आम्हांला वीस वर्षांत पडला नव्हता. मजुरांची गरज होती म्हणून, असे आम्ही गृहीत धरले होते. पण तासाभराकरिता मजूर कोण नेतो? तो कामासाठी गेला नव्हता. मागे कोण राहिले आहे ते पाहायला गेला होता. मजुराचा रोज सूर्यास्तापूर्वी हाती द्यावा, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आम्हांला पाठ होती. तिचा आणि या दाखल्याचा सांधा आम्हांला जोडून दिला तो ठिय्यावर उभे राहिलेल्या बाईने.

येथवर सारे सुखद होते. आम्ही मनात पुढल्या रविवारचे प्रवचन जुळवूही लागलो होतो. पण मावशी थांबली नव्हती. “मंगळवारी आपल्या चर्चच्या भिंतीचं काम पाण्यानं दोन वाजता बंद पडलं,” ती म्हणाली, “मजुराले अर्धा रोज देला. पाणी का मजुरानं पाडलं होतं, भाऊ?”

‘भाऊ’ म्हणजे आमच्याच समूहातील गृहस्थ. आवाराच्या भिंतीचा ठेका त्यांच्याकडे होता. ते उसळून म्हणाले, “धंद्याची रीत आहे ती, मावशी. सगळीकडं असंच चालते.” आणि ते खरेही होते. मात्र त्या मस्टरवर सही आमची होती. अर्धा रोज मांडलेला, बायांचा रोज पुरुषांहून कमी लावलेला, असा तो कागद आम्ही चहा पिता पिता मंजूर केला होता. ते ठेकेदाराकडे पाहत होते, ठेकेदार आमच्याकडे पाहत होते, आणि मेणबत्तीजवळ शुभवर्तमान उघडेच होते.

सहाव्या पायरीवर समूहाने काम ठरवावयाचे असते. एरवी आजाऱ्याची भेट, म्हाताऱ्याला मिस्साला आणणे असे काही ठरे. त्या दिवशी काम आम्हीच सांगितले, कारण दुसऱ्या कुणाला ते सांगण्याचा संकोच वाटला असता: मंगळवारचा उरलेला अर्धा रोज द्यायचा, बायांचा फरक भिंतीचे काम सुरू झाल्या दिवसापासून द्यायचा, आणि तो धर्मग्रामाने द्यायचा. दुसऱ्या दिवशी मजूर हुडकायला आम्ही मावशीबरोबर सकाळी ठिय्यावर गेलो. किती वर्षे त्या चौकातून आमची मोटारसायकल जात होती! नऊ जणांपैकी सात सापडले. दोघे गावी गेले होते. त्यांचे पैसे पाकिटात घालून ठेवले, त्यातले एक पाकीट अजून आमच्या कपाटात आहे. अर्थसमितीत कुरबुर झाली. “अशानं प्रत्येक पावसाचे पैसे द्यावे लागतील,” असे एक सभासद म्हणाले. होय, द्यावे लागतात, आणि आम्ही देतो. म्हणून भिंतीचा शेवटचा भाग वर्षभर लांबला.

या गोष्टीवरून समूह म्हणजे चमत्कारच, असा कुणी ग्रह करून घेऊ नये. आम्ही सात समूह सुरू केले, त्यांतले तीन मोडले. एकाची सहा महिन्यांत भिशी झाली. बायबल उघडे राही आणि चिठ्ठ्या निघत. एकात एकच गृहस्थ बोलत, बाकीचे पेंगत. एक भांडणात बुडाला. भावनेच्या भरात रडणे-ओरडणे म्हणजेच प्रार्थना, असे मानणारेही काही आले आणि शांततेला कंटाळून गेले. समूहात माणूस शिष्य म्हणून वाढतो हे खरे, पण तो पऱ्हाटीसारखा वाढतो. निंदण-डवरण चुकले की तणच जोर धरते.

उरलेल्या चार समूहांची परीक्षा पुढे महामारीने घेतली. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात इतरत्र लोक मोकळे फिरत असताना अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली. आमच्याजवळ घरोघरी जाण्याचे साधन उरले नव्हते. त्या दिवसांत कुणाच्या घरात ताप आहे, कुणाकडे पीठ संपले आहे, हे आम्हांला या चार समूहांकडूनच कळत असे. शुक्रवारी सात वाजता ते एकमेकांना फोन लावून उतारा वाचीत. मावशीकडे साधा फोन. तिच्यासाठी शेजारची शाळकरी मुलगी खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांनी आधी एका सतरंजीवर बसून परस्परांचे ऐकले होते, त्यांनाच हे जमले. मोडलेल्या तीन समूहांच्या गल्ल्यांत आम्हांला बातम्या उशिराच कळल्या. एका घरची तर फारच उशिरा.

ठेकेदार भाऊ त्या शुक्रवारनंतर समूहात आले नाहीत. भिंतीचे राहिलेले काम त्यांनीच केले, पुरा रोज देऊन केले, पण सतरंजीवर बसले नाहीत. मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि शांतिचिन्हाच्या वेळी मावशीला नमस्कार करतात. चूक त्यांची एकट्याची नव्हती, सही आमची होती, हे आम्ही त्यांना दोनदा जाऊन सांगितले. चौघांदेखत जे उघडे पडले ते चौघांआड सांगून भरून येत नाही, हेही आम्हांला ठाऊक आहे.

येत्या प्रायश्चित्तकाळात त्यांच्या गल्लीत बैठक घ्यावयाची आहे. उतारा लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील, जक्कयचा. तो आम्ही मुद्दाम निवडलेला नाही, वाचनक्रमात आला आहे. पण यावर भाऊंचा विश्वास बसेल असे वाटत नाही. अंगण मोठे त्यांचेच आहे. परवा विचारायला गेलो तेव्हा त्यांनी ऐकून घेतले, आत जाऊन सतरंजी आहे की नाही ते पाहून आले आणि म्हणाले, “अंगण घ्या, फादर. लाइटही लावून देतो. मी बसेन का नाही, ते त्या दिवशी पाहू.”