प्रश्नांचा कागद

मुलाखतीला निघताना बरोबर न्यायचा प्रश्नांचा कागद माझ्या बाबतीत वर्षागणिक आखूड होत गेला. पंचविशीत तो पाठपोट भरलेला असे. प्रश्नांना क्रमांक घातलेले असत आणि तिसऱ्याचं उत्तर चालू असताना नजर चौथ्यावर गेलेली असे. चाळिशीत तो एका बाजूत मावू लागला. आता त्यावर जेमतेम सहा-सात ओळी असतात आणि बोलणं सुरू होण्याआधी मी तो घडी घालून ठेवून देते. त्या कागदामागचं वाचन मात्र याच काळात कितीतरी पटींनी वाढलं. ज्याने आधी पुष्कळ वाचलं आहे त्यालाच समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतं, असं माझं ठाम मत झालं आहे. हे मत सर्वमान्य नाही. कोऱ्या पाटीने जावं, माणूस आपोआप उलगडत जातो, असं मानणारे चांगले लेखकही आहेत. म्हणून ते जरा तपशिलात शिरून मांडायला हवं.

लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या गिरणी कामगाराला भेटायचं आहे असं समजू. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, नेतृत्व डॉ. दत्ता सामंतांकडे होतं आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे सगळं ग्रंथालयात बसून कळतं. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटींचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगारांचा राग पगार-बोनसइतकाच या व्यवस्थेवरही होता, हेही छापलेलं आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून सिद्ध केलेलं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ 2004 मध्ये आलं. एवढं न वाचता त्या चाळीचा जिना चढणं हा त्या म्हाताऱ्या माणसाचा अपमान आहे. ‘संप कधी सुरू झाला?’ असं विचारलं की त्याला लगेच कळतं, आलेल्या माणसाला काही ठाऊक नाही. मग तोही वर्तमानपत्रांत येऊन गेलेलंच सांगतो, तेही पाहुण्याला झेपेल इतकंच. ‘तुम्ही साचेखात्यात होता की कताईला? बदलीवर किती वर्षं काढलीत? गिरणीत जॉबरने लावलं की गावच्या कुणी?’ असं विचारलं तर मात्र तो खुर्ची पुढे ओढतो. साचा, बदली, पाळी, भोंगा हे शब्द त्याच्या आयुष्याचे आहेत. ते आपल्या तोंडी सहज यायला आठवडे लागतात, आणि तयारीतला मोठा वेळ मी तिथेच घालवते.

कागदावर जे सहा-सात प्रश्न उरतात त्यांची घडण वेगळी असावी लागते. आपण साल विचारतो, माणसं मात्र सालांनी आठवत नाहीत. महाराष्ट्रात आठवणींचे खुंट वेगळेच आहेत: 1961 चा पानशेतचा पूर, डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ, सप्टेंबर 1993 चं किल्लारी. गिरणीतली कितीतरी माणसं कोकणातून, साताऱ्याकडून आलेली. त्यातल्या एखाद्याला ‘मुंबईत कोणत्या वर्षी आलात?’ असं विचारण्यापेक्षा ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गावाला होतात की इथे?’ असं विचारावं. उत्तरात साल तर मिळतंच, शिवाय त्या रात्री कोण कुणाजवळ झोपलं होतं हेही कळतं. माझ्या वहीत म्हणून दोन रकाने असतात. एकात देशाच्या तारखा, दुसऱ्यात त्या घराच्या: लग्न, थोरल्याचा जन्म, गावची जमीन कुणाच्या नावावर झाली ते. मुलाखतीचा सगळा जीव या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर असतो.

इतकं वाचून गेलेला माणूस आपल्याच कल्पना समोरच्याच्या तोंडी घालेल, हा आक्षेप खरा आहे. तसं होतं, मी होताना पाहिलं आहे. पण कोरी पाटी त्यावरचा उपाय नव्हे. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात 17 मार्च 1949 रोजी नाटोविरोधी निदर्शनांच्या वेळी पोलिसांशी झालेल्या चकमकीत लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू 1953 सालचा म्हणून सांगितला. त्या वर्षी कारखान्यातून हजारोंना काढून टाकलं होतं आणि रस्त्यावर मोठा संघर्ष झाला होता. आपला माणूस एका मिरवणुकीत निष्कारण मेला हे त्या गावाला सोसवेना. म्हणून स्मरणाने त्याचा मृत्यू उचलून पोटापाण्याच्या लढ्यात नेऊन ठेवला. ही चूक हाच त्या मुलाखतींचा गाभा ठरला. खरी तारीख पोर्तेल्लीला ठाऊक नसती तर चूक त्याला दिसलीच नसती. आणि ती ऐकताच दुरुस्त करायला तो धावला असता तर पुढचं कुणी बोललं नसतं. कोरी पाटी घेऊन गेलेला 1953 लिहून घेतो आणि परततो.

मग जिथे छापलेलं फारसं नाहीच, तिथे काय वाचायचं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यापुढे हाच प्रश्न असणार. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये आणलं. त्याच्या पहिल्या भागात त्या चळवळीतल्या स्त्रियांच्या सहभागाचा इतिहास आहे, मुलाखती दुसऱ्या भागात. ही मांडणी मला फार बोलकी वाटते. ज्यांच्याविषयी कुणी लिहून ठेवलेलं नाही त्यांच्याकडे जाताना आजूबाजूचं अधिक वाचावं लागतं, कमी नव्हे.

दुसरा आक्षेप आजचा आहे. एवढा प्रवास कशाला, फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येतं, वेळ आणि पैसा वाचतो. माहिती हवी असेल तर फोन पुरेसा आहे, यात मला शंका नाही. पण जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे मराठी बायकांनी कधीच सांगून ठेवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्या मुळात हातात खुंटा असताना सुचलेल्या; दळणाच्या लयीत बोललेल्या. माणसाचं स्मरण हातात, खोलीत, वासात असतं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संपाविषयी नवरा बोलत असताना आतून बायको मध्येच म्हणते, ‘यांना काय ठाऊक, त्या महिन्यात मी मंगळसूत्र कुठे ठेवलं होतं ते!’ असं वाक्य फोनवर येत नाही, कारण फोनवर स्वयंपाकघर नसतं. घरातली माणसं मध्ये बोलतात ही अडचण समजली जाते. नवरे बायकांची उत्तरं परस्पर देऊन टाकतात हेही खरं, आणि अशा वेळी तिला एकटीला भेटायला पुन्हा जावं लागतं. पण ते कळतं तरी तिथे गेल्यावरच.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडक्यात. परवानगी घेऊन यंत्र चालू ठेवावं, आणि वहीही लिहावी. जॅनेट माल्कम या अमेरिकी लेखिकेवर शब्द पदरचे घातल्याचा खटला झाला, तो 1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वादातली काही वाक्यं ध्वनिफितीवर नव्हती. ती ज्या वहीत होती ती सापडेना. 1994 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि हरवलेली वही मिळाल्याचं त्यांनी 1995 मध्ये सांगितलं. दुसऱ्याचे शब्द आपल्याकडे ठेवीसारखे असतात. ते कुठे ठेवले हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे.

जो सांगतो त्याला लेखातून बहुधा काहीच मिळत नाही. नाव होतं ते आपलं, मानधनही आपल्याला. त्याने एक दुपार दिलेली असते आणि कुणाला न दाखवलेली एखादी ट्रंक उघडलेली असते. तेव्हा या कामाला नव्याने लागलेल्यांना एवढीच विनंती: त्याच्या तोंडची वाक्यं छापण्याआधी त्याला वाचून दाखवा, आणि अंक निघाला की पोस्टाने पाठवू नका. स्वतः जाऊन हातात द्या. जाताना वही बरोबर असू द्या, प्रश्नांचा कागद घरी राहिला तरी चालेल.