मेंढी खाली बघते, शेळी वर

बेळगावहून सकाळची मिरजेची गाडी धरली की दोन-अडीच तासांत मुलूख बदलतो. सुळेभावी, पाच्छापूरपर्यंत झाडी सोबत करते. गोकाक रोड आणि घटप्रभा मागे पडले की जमीन उघडी होते, मध्येच कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस दिसतो आणि त्याच्या पलीकडे पुन्हा कोरडा माळ. बेळगावच्या मानाने इकडे पाऊस निम्म्यावर येतो. डब्यातली भाषाही तशीच बदलत जाते. बेळगावात मराठीत सुरू झालेली गप्पाष्टके घटप्रभेला कन्नडमध्ये शिरतात आणि रायबाग येईपर्यंत कोणते वाक्य कोणत्या भाषेत संपेल याचा नेम राहत नाही.

मी उतरलो चिंचलीला. माघी पौर्णिमेच्या मायाक्कादेवीच्या यात्रेमुळे हे गाव महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या धनगर-कुरुबांच्या ओळखीचे आहे. मी मात्र यात्रेला आलो नव्हतो. स्टेशनपासून दोन कोसांवरच्या एका वाडीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या गोठ्यात माझ्या चुकीने एक शेळी मेली होती, आणि त्यानंतर मी प्रथमच तिकडे चाललो होतो.

हकिगत अशी. या विद्यार्थ्याच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, चाळीस वर्षे मेंढरांमागे काढली. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचे, बेळगाव-खानापूरकडच्या भात कापलेल्या शिवारात मेंढरे बसवायची आणि मृगाच्या आत परतायचे. रात्री वाघर ठोकून तिच्या जाळ्यात कळप कोंडायचा, बाजूला कुत्री आणि घोंगडी पांघरलेले अप्पा. लांडग्यापासून राखण हीच. शेतकऱ्याला रानात लेंडीखत मिळे, अप्पांना धान्य आणि चार पैसे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अशी बसलेली मेंढरे पाहिली असतील. त्या वाघरीला मी आजवर कधी गोठा म्हटले नव्हते, पण खांद्यावरून नेता येणारा गोठाच तो!

तीन वर्षांपूर्वी बांधावरून घसरून अप्पांचे खुब्याचे हाड मोडले. चालणे संपले. मुलगा पदवीधर, शहरात नोकरीला. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. कळप विकायचा, नाहीतर एका जागी बांधून पाळायचा. अप्पा विकायला तयार नव्हते. तेव्हा तो माझ्याकडे आला. मी भूगोलाचा मास्तर, पण चार पुस्तके चाळून मोठ्या हौसेने त्याला शेडचा आणि गव्हाणीचा आराखडा वहीत काढून दिला.

शेडचा आराखडा बरा होता, हे प्रत्यक्ष पाहून मला जरा धीर आला. तीस मेंढ्या, बारा शेळ्या, एक मेंढा, एक बोकड आणि पिल्ले. मोठ्या जनावराला छपराखाली बारा चौरस फूट, नराला पंचवीस आणि पिल्लाला पाच असा हिशेब धरून तीस फूट बाय वीस फुटांची शेड, म्हणजे सहाशे चौरस फूट. तिला लागून दुप्पट मोकळे, कुंपणाचे अंगण. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ऊन आत फारसे शिरत नाही. भिंत कमरेएवढी, वर जाळी. पत्र्याला वरून चुना मारला आहे. मेंढ्यांच्या बाजूला धुमसाने ठोकलेला उताराचा मुरूम, शेळ्यांच्या बाजूला लाकडी फळ्यांचा उंच माच. फळ्यांमधल्या अर्ध्या इंचाच्या फटींतून लेंड्या खाली पडतात आणि शेळी कोरड्यावर बसते. ओल्या जमिनीवर खूर कुजतात आणि मूत साचले की त्याच्या उग्र वासाने पिल्लांची छाती भरते. त्याची परीक्षा अप्पांनी मला शिकवली. "मास्तर, उभं राहून वास घेऊ नका, खाली बसा. पिल्लाचं नाक जिथं आहे तिथं तुमचं नाक न्या." बसलो. डोळ्यांत पाणी आले नाही. गोठा पास झाला.

नापास झाली होती ती माझी गव्हाण. गव्हाण म्हणा की ग्वादली, चारा जमिनीवर टाकू नये एवढाच तिचा उद्देश. तुडवलेला, मुताने भिजलेला चारा शेळी तोंडातही घेत नाही. मेंढी घेते, पण त्याबरोबर जंतही पोटात जातात. मी जी आकृती उतरवून दिली ती बिनशिंगी परदेशी मेंढ्यांसाठी होती. उभे गज, दोन गजांत आठ इंचांचे अंतर. आमच्या शिंगाळ शेळीने मान तिरकी करून डोके आत घातले, पण बाहेर काढताना शिंगे अडकली. रात्री कुणाच्या लक्षात आले नाही. पहाटे अव्वा धार काढायला गेल्या तेव्हा ती गजात लटकलेली होती, दोन महिन्यांची गाभण. विद्यार्थ्याने फोनवर एवढेच सांगितले, "सर, गव्हाण बदलावी लागेल." त्याने दोष दिला नाही, म्हणून तो जास्त लागला.

अंगणात शिरताना मी शब्द जुळवत होतो. अप्पा बाजेवर बसले होते. "बर्री मास्तर, कुंडर्री," म्हणाले. मी शेळीचा विषय काढला, माझे चुकले म्हणालो. त्यांनी हात हलवला. "तुम्ही पुस्तकातली मेंढी काढलीसा. आमच्या शेळीला शिंगं हाईत हे पुस्तकाला कुठलं ठाऊक?" मग काठी टेकत उठले आणि नवी गव्हाण दाखवायला स्वतः आले.

ती आता एक नाही, दोन आहेत. "मेंढी खाली बघते, शेळी वर बघते. दोघींना एका ताटात जेवायला कसं वाढता?" हा अप्पांचा सिद्धांत. मेंढी गवत खुडते ते मान खाली घालून. तिच्यासाठी मधोमध पंधरा फूट लांबीची, दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी बसकी गव्हाण आहे. तळ जमिनीपासून वीतभर उंच, काठ हातभर उंच, आणि वर एक आडवा दांडा, म्हणजे कोणी आत उडी मारत नाही. एका मेंढीला एक फूट जागा, म्हणजे दोन्ही अंगांना मिळून तिसांची सोय झाली. चारा डोक्याच्या वर टांगला तर भुसा मानेच्या लोकरीत आणि डोळ्यांत जातो. लोकर बिघडते, डोळे येतात.

शेळी मूळची झाडपाला खाणारी, मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढणारी. तिच्यासाठी भिंतीला तिरकी लावलेली गजांची गव्हाण आहे, दर शेळीला सव्वा फूट याप्रमाणे पंधरा फूट. गजांमध्ये चारच इंच अंतर, म्हणजे तोंडाचा शेंडा आत जातो, डोके जात नाही. खाली पत्र्याची पन्हळ आहे. शेवरी, सुबाभूळ, लसूणघास यांचा कस सगळा पानात, आणि ओढताना नेमके पानच झडते. ते पन्हळीत पडते आणि शेळी नंतर सावकाश टिपते.

कडब्याला इकडे कन्नडमध्ये कणकी म्हणतात. आमच्या घरी कणकी म्हणजे तांदळाचा चुरा, त्यामुळे "शेळीला कणकी घातली" ऐकून मी प्रथम चपापलोच होतो. ताटेच्या ताटे टाकली तर जनावर पाने खाते आणि बुडखे तुडवते, म्हणून कडबाकुट्टी घेतली आहे. जानेवारी ते जून रोज वीस किलो कडबा धरला तर साडेतीन टनांहून थोडा जास्त लागतो. त्याची बणवी, म्हणजे गंजी, दगडांच्या ओट्यावर आणि आगीच्या भीतीने शेडपासून दूर रचली आहे. गळिताच्या हंगामात उसाचे वाढे स्वस्त मिळते, पण त्यातील ऑक्झलेट अंगातला चुना कमी करते, म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवत नाहीत. खनिज मिश्रणही मेंढ्यांचे वेगळे असते. गाई-शेळ्यांच्या मिश्रणातले तांबे मेंढीला विष ठरू शकते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची, हे अव्वांनी दारामागच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवले आहे.

एवढे सगळे झाले तरी अप्पांचा एक मुद्दा मुलाला मान्य करावा लागला. "कुरी नडीबेक्री," ते म्हणाले. मेंढी चालली पाहिजे. पूर्ण बंदिस्त ठेवण्याचा बेत मोडला. आता सकाळी उन्हाच्या आधी चार तास कळप कालव्याच्या कडेने आणि कापणी झालेल्या रानांतून फिरतो, मग शेडमध्ये येतो. पण चरायला जागा आहे कुठे? जिथे माळ होता तिथे ऊस आला, आणि उसात मेंढरू शिरले की भांडण. पुढच्या काही वर्षांत हे चार तासही उरतील की नाही, याची चिंता बापलेक दोघांनाही आहे. दोघे ती बोलून दाखवत नाहीत, एवढेच.

पूर्वी गावोगावच्या रानात पडणारे लेंडीखत आता शेडखाली साठते आणि ट्रॉलीने विकले जाते. न्यायला तेच ऊसवाले येतात. अप्पांना याचे हसू येते. "आधी मी खत घेऊन त्यांच्या दारी जायचो. आता ते माझ्या दारी."

संध्याकाळच्या गाडीसाठी मी निघालो तेव्हा कळप पाणी पिऊन आत शिरत होता. अप्पांनी बाज शेडच्या दाराशी आणायला सांगितली. ते तिथेच झोपतात. जुनी वाघर दारावरच्या खुंटीला टांगलेली होती. मी विचारले, आता हिचा काय उपयोग? त्यांनी तिची एक गाठ चाचपून पाहिली आणि म्हणाले, "राहू दे मास्तर. गोठा जागचा हलत नाही. ही हलते."

गाडीत खिडकीशी बसून मी वही उघडली आणि जुन्या आराखड्यावर आठचा आकडा खोडून चार लिहिला. मग त्याच्या बाजूला, शिंगे काढली.