बावड्याच्या घाटाने विजयदुर्गास

कोकणात उतरावयाचे ते घाटाने उतरावे, तेही दिवसाउजेडी आणि सावकाश. कारण सह्याद्रीचा माथा आणि खालचा खडकाळ किनारा ह्यांचे नाते नकाशावरून कळत नाही, ते त्या उतरणीवरच उमगते, असे माझे मत कोल्हापुराहून गगनबावड्यामार्गे मोटारीने विजयदुर्गास गेल्यापासून कायमचे झाले आहे.

दिवाळी नुकतीच उलटली होती. कळे, साळवण ही गावे मागे पडली, उसाचे मळे विरळ झाले आणि पंचावन्न किलोमीटरांचा प्रवास संपता संपता गगनगडाचा सुळका समोर उभा राहिला. शिलाहारांच्या काळापासून ह्या गडाने घाटवाटांवर नजर ठेवली. पुढे बावडा हा पंत अमात्यांच्या जहागिरीचा मुलूख झाला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ साली सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्र’ ह्या राजनीतीच्या ग्रंथात दुर्गांइतकाच आरमाराचाही विचार आहे. सागरापासून इतक्या उंचीवर ज्यांचे घराणे नांदले त्या पुरुषाला गलबतांची, बंदरांची आणि खाड्यांच्या मुखांची एवढी बारीक चिंता का असावी, ह्याचे उत्तर मला पुढच्या वाटेवर मिळावयाचे होते.

गगनबावड्याहून दोन घाट फुटतात, एक भुईबावड्याचा व दुसरा करूळचा. आम्ही करूळचा धरला. पहिल्याच वळणावर रस्त्याची एक बाजू एकाएकी नाहीशी झाली आणि तिच्या जागी केवळ निळसर धूसर अवकाश उरला. दुसऱ्या बाजूस काळ्या पाषाणाचे थर एकावर एक चढत गेलेले, त्यांच्या सांध्यांतून पावसाळ्याचे उरलेसुरले पाणी अजून ठिबकत होते, आणि जेथे जेथे ते ठिबकत होते तेथे तेथे नेच्याची नाजूक पाने त्या थेंबाच्या भाराने लवून पुन्हा वर येत होती. मोटार थांबवून मी ते बराच वेळ पाहत राहिलो. कानांना दडे बसले, हवा दमट आणि जड झाली, कारवीची दाट जाळी संपून ऐन-किंजळाचे रान लागले, आणि खाली कापणी झालेली भातखाचरे दिसू लागली. वैभववाडी, तळेरे ही गावे झपाट्याने मागे गेली.

तळेऱ्यापासून पश्चिमेकडे वळले की भूमीचा रंगच पालटतो. काळा पाषाण जाऊन तांबडा जांभा येतो, उघडेबोडके सडे येतात, आणि त्या कातळावर, जेथे गवतालाही मूळ धरावयास कष्ट पडावेत तेथे, हापूसच्या बागा उभ्या असतात. पडेलच्या अलीकडे एका बागेत आम्ही पाणी मागितले. म्हाताऱ्या बागाईतदाराने तांब्या पुढे केला आणि कलमाच्या बुंध्यावर हात ठेवून तो म्हणाला, “ह्यां कलम माज्या आज्यान लायलेलां.” सुरुंगाने कातळ फोडून, दुरून आणलेल्या मातीने तो खड्डा भरून लावलेले ते झाड! मला तत्क्षणी अमात्यांचा तो हुकूम आठवला की, आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊनच ते तोडावे. राजनीतीच्या ग्रंथात रयतेच्या झाडाविषयी इतकी कणव मला अन्यत्र आढळलेली नाही.

गिर्ये ओलांडल्यावर विजयदुर्ग दिसतो. वाघोटन खाडीच्या मुखाशी, तीन अंगांनी सागर घेऊन, तिहेरी तटाचा हा दुर्ग उभा आहे. तटाच्या जांभ्याला खाऱ्या वाऱ्याने अशी जाळी पाडली आहे की कित्येक ठिकाणी चिरा झिजून आत गेला आहे आणि चुन्याची रेघ तेवढी बाहेर राहिली आहे. मी बोट फिरवले तेव्हा ती धारदार लागली. ह्याच खाडीतून वर खारेपाटणपर्यंत माल जाई व तेथून घाटमाथ्यावर चढे. अमात्यांच्या चिंतेचे मूळ हेच होते. खाडीचे मुख ज्याच्या हाती त्याच्या हाती घाट, आणि घाट ज्याच्या हाती त्याच्या हाती देश. म्हणूनच टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, खाडीमुखी वा दुर्गाच्या आसपास जागा देऊ नये, असे त्यांनी बजावले होते.

आज्ञापत्रानंतर अवघ्या चाळीस-एक्केचाळीस वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांनीच विजयदुर्गाचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे ह्यांचा बीमोड करण्यासाठी इंग्रजांचे आरमार ह्या बंदरी आणविले, आणि मराठ्यांची गलबते ह्याच पाण्यात जळून खाक झाली. तुळाजीचा उद्दामपणा मान्य करूनही, ह्या कृत्याचे समर्थन मला त्या तटावर उभे राहून करता आले नाही, आजही करता येत नाही.

विजयदुर्ग पाहू इच्छिणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच की, आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण आधी वाचून घ्यावे आणि मग बावड्याच्या घाटाने उतरावे.