टिंब

बँकेत वीस वर्षं सह्या जुळवून माझी पक्की समजूत झाली होती, की माणूस ओळखावा तो सहीवरून. चेहऱ्याचा भरवसा नाही. आधार कार्डावरचा तर खुद्द मालकालाही ओळखू येत नाही! ही समजूत भूकंपात पडली. घराच्या भिंती मात्र देवाच्या दयेने राहिल्या.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीत जमीन हलू लागली. आधी पोटातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांड्यांचा खणखणाट. तेव्हा कोणा परोपकारी माणसाने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. धक्का लागला की 'बसला का?' विचारायचं आणि इतरांनी 'बसला' म्हणायचं. सबंध साहित्य एवढंच.

नंबर आपल्याकडे नसला, की नावाआधी नागमोडी रेघ येते आणि पुढे त्याने स्वतः ठेवलेलं नाव. त्यामुळे माझ्या पदरी 'चिकूवाला', 'जय भोले' आणि 'तुझीच मी' अशी मंडळी पडली. ('तुझीच मी' हे गृहस्थ होते, हे आवाजी संदेशावरून कळलं.) बोर्डीचा एकजण नेहमी 'आमच्याकडे काही नाही' असं इतक्या खट्टू सुरात लिही, की वाटे, याला एखादा धक्का पाठवून द्यावा. रेडिओच्या काळात माझ्या वडिलांना झुमरीतलैयाच्या फर्माइशवाल्यांची नावं पाठ होती. ते गाव तेव्हा बिहारात होतं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. माझंही तसंच झालं.

आणि एकाचं नाव नुसतं टिंब. टिंब सर्वांत आधी लिही, 'बसला.' रात्री दोन असोत की पहाटेचे पाच. ते वाचलं, की मी कुशीवर वळून झोपत असे.

१ फेब्रुवारी २०१९ला धक्क्यांमागून धक्के आले. दुपारचा ४.१चा. पळापळीत एक दोन वर्षांची मुलगी दगावल्याची बातमी आली. ग्रुपवर सगळे बोलले. बोर्डीवाल्यालाही अखेर बसला. टिंब गप्प.

"टिंब कुठाय?" चिकूवाल्याने विचारलं. जय भोलेने फोन लावला. बंद. त्या रात्री बायको म्हणाली, "झोपा हो, कोण लागतो तो तुमचा?" आता काय सांगणार? टिंब! तीस वर्षांचे खातेदार माझ्यासमोर उभे राहतात, त्यांच्यासाठी मी कधी जागलो नाही.

सकाळी सहाला उमटलं : 'चार्जिंग नव्हतं. तंबूत होतो सगळे. बसला का?' तेवढ्यावर चाळीसएक हात जोडलेले आले. त्यांत दोन माझे.

पुढे केव्हातरी तलासरीच्या काउंटरवर एका बाईंनी पैसे काढायची स्लिप सरकवली. सही केली आणि शेवटी टिंब दिलं, असं दाबून, की कागद फाटला. सहीखाली टिंबं देणारे पुष्कळ पाहिलेत, पण माझी मान वर झाली.

"कुठून आलात, ताई?"

"धुंदलवाडी."

खात्यातला मोबाइल नंबर मला एका बोटात दिसला असता. पण बँकेची गुप्तता म्हणून काही असते. मी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि देताना हळूच विचारलं, "काल रात्री बसला का?"

"अडीचला," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात वाटतं?"